अमेरिकेतले महामार्ग वॉशिंग्टनच्या तारखांवर का अडतात?

अमेरिकेत सिनसिनाटी शहराजवळ ओहायो नदीवर ब्रेंट स्पेन्स नावाचा दुमजली पूल आहे. १९६३ साली तो खुला झाला तेव्हा दिवसाला ८० हजार वाहनं जातील असा हिशेब धरला होता. आज त्यावरून रोज जवळपास दुप्पट वाहनं जातात. ऐंशीच्या दशकात एक मार्गिका वाढवायची म्हणून पुलाच्या कडेची मोकळी पट्टी काढून टाकली. त्यामुळे आता पुलावर गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागाच नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये दोन ट्रकची धडक होऊन मोठी आग लागली आणि पूल सुमारे सहा आठवडे बंद ठेवावा लागला. मिशिगनपासून फ्लोरिडापर्यंत माल वाहणारा आय-७५ महामार्ग याच पुलावरून जातो, त्यामुळे झळ फक्त सिनसिनाटीला बसली नाही.

जोडीला दुसरा पूल हवा, याबद्दल नदीच्या अलीकडच्या ओहायो राज्यात आणि पलीकडच्या केंटकीत कुणाचं दुमत नव्हतं. सप्टेंबर २०११मध्ये बराक ओबामा या पुलाजवळ उभे राहिले आणि पायाभूत सुविधांसाठी पैसा मंजूर करा, असं काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, म्हणाले. जानेवारी २०२३मध्ये जो बायडन त्याच पुलाजवळ आले, सोबत रिपब्लिकन सिनेटर मिच मॅकॉनेल होते, आणि केंद्राकडून १.६ अब्ज डॉलरहून जास्त निधी मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. दोन भाषणांच्या मध्ये अकरा वर्षं गेली. तेवढ्यात खर्चाचा अंदाज साधारण अडीच अब्जांवरून ३.६ अब्जांवर पोचला.

या उशिराचं सगळं खापर वॉशिंग्टनवर फोडणं बरोबर नाही. टोल लावायचा की नाही यावरून केंटकीत मोठा वाद झाला आणि २०१६मध्ये तिथल्या विधिमंडळाने ओहायोला जोडणाऱ्या पुलांवर टोल घ्यायलाच बंदी घातली. पण टोलचा विषय निघाला कशामुळे? केंद्राचा पैसा येणार का, किती येणार, कधी येणार, यातलं एकही उत्तर पक्कं नव्हतं म्हणून. वॉशिंग्टनने ‘नाही’ म्हटलं असतं तर दोन्ही राज्यांनी दुसरी वाट शोधली असती. त्यांना वर्षानुवर्षं मिळालं ते ‘बघू’. आपल्याकडे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हा ‘बघू’ किती महाग पडतो ते सांगायला नको.

हा लेख त्या ‘बघू’बद्दल आहे. केंद्राच्या निधीत कपात झाली की बातमी होते. निधी कमी झालेला नसतो, फक्त तो येईल की नाही हे माहीत नसतं, तेव्हा बातमी होत नाही. रस्त्यांचं नुकसान मात्र तेव्हाही होतं, आणि माझ्या मते बऱ्याचदा जास्त होतं.

रस्ता राज्याचा, पैसा दोघांचा

भारतीय वाचकाचा इथे हमखास एक गोंधळ होतो, तो आधी दूर करू. १९५६ साली दोन्ही देशांत महामार्गांचे मोठे कायदे झाले. भारताच्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाने राष्ट्रीय महामार्गांची मालकी केंद्राकडे दिली. त्याच वर्षी अमेरिकेत आयझेनहॉवर यांच्या काळात जो कायदा झाला, त्याने ४१ हजार मैलांचं इंटरस्टेट महामार्गांचं जाळं आखलं आणि त्यासाठी २५ अब्ज डॉलर ठेवले. मालकी मात्र राज्यांकडेच राहिली. ‘इंटरस्टेट’ अशी निळी-लाल पाटी दिसली तरी तो रस्ता त्या-त्या राज्याचा असतो. आराखडा, भूसंपादन, निविदा, देखरेख, बर्फ काढणं, खड्डे बुजवणं हे सगळं राज्याचं परिवहन खातं करतं. केंद्र नियम घालून देतं आणि खर्चातला मोठा वाटा उचलतं: इंटरस्टेटच्या कामाला साधारणपणे ९० टक्के, इतर पात्र महामार्गांना ८० टक्के.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. केंद्र पैसे आगाऊ देत नाही. कंत्राटदाराने काम केलं की तो राज्याला बिल देतो. राज्य ते स्वतःच्या तिजोरीतून भागवतं, मग आपल्या खर्चाचा दावा केंद्रीय महामार्ग प्रशासनाकडे पाठवतं आणि केंद्राचा वाटा परत मिळवतं. एखाद्या महिन्यात एक कोटी डॉलरचं बिल आलं आणि काम ८० टक्क्यांच्या गटातलं असलं, तर राज्य पूर्ण एक कोटी देतं आणि ८० लाखांची वाट पाहतं. एरवी ही वाट अगदी थोड्या दिवसांची असते, कारण यंत्रणा तत्पर आहे. राज्यांनी आपला रोजचा पैशांचा मेळही याच तत्परतेवर बसवलेला आहे.

म्हणून वॉशिंग्टनमध्ये काही अडलं तर फटका पुढच्या कामाला बसण्याआधी झालेल्या कामाला बसतो. रस्ता बांधून झालेला असतो, पैसे देऊन झालेले असतात आणि परतफेड अडकते.

नळजोडणी, वॉल्वमन आणि धरण

‘केंद्राने निधी मंजूर केला’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आपल्या सोसायटीच्या पाण्याचं उदाहरण घेतलं तर ते चटकन कळेल. नळजोडणी मंजूर असणं ही एक गोष्ट, वॉल्वमनने तुमच्या भागाचा वॉल्व किती वेळ उघडला ही दुसरी आणि धरणात पाणी आहे की नाही ही तिसरी. तिन्ही जुळल्या तर बादली भरते.

नळजोडणी म्हणजे काही वर्षांसाठीचा मोठा महामार्ग कायदा. तो ठरवतो की पुढची पाच-सहा वर्षं कोणत्या कार्यक्रमाला किती पैसा आणि कोणत्या राज्याला कोणत्या सूत्राने. या कायद्याने राज्यांना एक खास सोय मिळते: रोकड हातात येण्याआधीच करार करण्याचा अधिकार. मोठ्या पुलाचं काम चार वर्षं चालतं. दरवर्षीच्या अर्थसंकल्पाची वाट बघत तो बांधता येणार नाही, हे ओळखून ही सोय केली आहे. सध्याचा कायदा नोव्हेंबर २०२१मध्ये बायडन यांनी सही केलेला पायाभूत सुविधा कायदा. त्यात महामार्ग आणि पुलांसाठी पाच वर्षांचे मिळून सुमारे ३५० अब्ज डॉलर आहेत आणि त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६.

वॉल्वमन म्हणजे दरवर्षीचा विनियोजन कायदा. या वर्षात राज्यांनी जास्तीत जास्त किती रकमेचे करार करायचे, ही मर्यादा तो घालतो. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण तोवर हे कायदे वेळेत मंजूर झाले असं क्वचितच घडतं. मग तात्पुरती सोय म्हणून मागच्या वर्षीच्या दराने काही आठवड्यांचा खर्च चालू ठेवतात. आपल्याकडच्या लेखानुदानासारखाच प्रकार, फक्त तिथे तो वर्षातून दोन-तीनदाही होतो. अशा वेळी राज्याला वर्षाची मर्यादा सलग मिळत नाही, त्या आठवड्यांपुरता तुकडा मिळतो. २०२१चा कायदा झाल्यावरही असंच झालं. वाढीव रकमेची घोषणा नोव्हेंबरात झाली, पण पूर्ण वर्षाचा विनियोजन कायदा मार्च २०२२मध्ये आला, तोवर नेहमीच्या कार्यक्रमांतली वाढ राज्यांना पूर्ण वापरता आली नाही.

आणि धरण म्हणजे हायवे ट्रस्ट फंड.

आटत गेलेलं धरण

हा निधीही १९५६चाच. कल्पना साधी आणि न्याय्य होती: जो रस्ता वापरतो त्याने इंधनावरच्या करातून त्याचे पैसे द्यायचे आणि तो पैसा फक्त रस्त्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवायचा. आपल्या केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतही पेट्रोल-डिझेलवरचा उपकर येतो, तसंच. पन्नास वर्षं हे छान चाललं. लोक जितकं जास्त फिरत, तितकं धरण भरत होतं.

पण पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ साली गॅलनला १८.४ सेंट झाला आणि तिथेच थांबला. लिटरचा हिशेब केला तर पाच सेंटांच्याही आत. तो किमतीच्या टक्केवारीत नाही, ठरलेल्या रकमेत आहे, त्यामुळे पेट्रोल महागलं तरी कर वाढत नाही. डिझेलवर २४.४ सेंट, तोही त्याच वर्षापासून तसाच. तेव्हापासूनच्या महागाईने या सेंटांची किंमत निम्म्याहून खाली आली. गाड्या कमी इंधनात जास्त पळू लागल्या. विजेवरची गाडी तर हा कर देतच नाही, रस्ता मात्र वापरते. दुसऱ्या बाजूने खडी, डांबर, पोलाद, मजुरी सगळं चढत गेलं. महामार्ग बांधणीच्या खर्चाचा केंद्राचाच निर्देशांक २०२०च्या अखेरीपासून पुढच्या तीन-चार वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त वाढला. म्हणजे २०२१च्या कायद्याने दिलेली वाढ बऱ्याच अंशी महागाईनेच खाल्ली.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सप्टेंबर २००८मध्ये निधी रिकामा होण्याच्या बेताला आला आणि काँग्रेसने घाईघाईने सर्वसाधारण तिजोरीतून ८ अब्ज डॉलर त्यात टाकले. तेव्हापासून हीच पद्धत पडली. २०२१च्या कायद्यातले ११८ अब्ज धरले तर असे एकूण सुमारे २७५ अब्ज डॉलर बाहेरून ओतावे लागले आहेत.

मला यात खरी अडचण रकमेपेक्षा वेगळी दिसते. कर जमा होत होता तोपर्यंत पुढच्या पाच वर्षांत किती येणार याचा अंदाज कुणालाही बांधता येत होता. बाहेरून ओतायची वेळ आल्यापासून धरण भरायचं की नाही हे दर खेपेला राजकारणात ठरतं. अनिश्चितता तिथून आत आली. कर वाढवायला दोन्ही पक्ष कचरतात, कारण पेट्रोल पंपावरचा आकडा प्रत्येक मतदाराला दिसतो. राज्यांनी मात्र धाडस दाखवलं आहे, १९९३नंतर बहुतेक राज्यांनी स्वतःचा इंधन कर वाढवला. ओरेगॉनने तर २०१५पासून ऐच्छिक तत्त्वावर, जितके मैल चालवाल तितका आकार, असा प्रयोग सुरू केला.

दोन महिन्यांची मुदतवाढ आणि चार महिन्यांचा उन्हाळा

महामार्ग कायद्याची मुदत संपते तेव्हा नवा कायदा तयार असतो असं नाही. २००५चा कायदा ३० सप्टेंबर २००९ला संपला. नवा यायला जुलै २०१२ उजाडला. मधल्या काळात जुन्याच कायद्याला दहा वेळा मुदतवाढ दिली गेली, त्यातल्या काही तर अवघ्या काही आठवड्यांच्या. त्याआधीचा कायदा २००३मध्ये संपला होता, त्यालाही बारा मुदतवाढी मिळाल्या होत्या. म्हणजे हा अपघात नाही, ही रीतच झाली आहे.

मुदतवाढ मिळाली म्हणजे पैसा चालू राहिला, मग बिघडलं काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. तो नीट समजून घ्यायचा तर राज्याच्या परिवहन खात्यातल्या इंजिनिअरच्या टेबलापाशी जायला हवं.

मोठा रस्ता किंवा पूल म्हणजे आधी पर्यावरणाचा अभ्यास, मग आराखडा, मग भूसंपादन, मग वाटेतले विजेचे खांब, गॅसच्या नळ्या आणि केबल हलवणं, मग निविदा, मग बांधकाम. या सगळ्याला आठ-दहा वर्षं सहज लागतात. शिवाय केंद्राच्या नियमाप्रमाणे प्रत्येक राज्याला पुढच्या चार वर्षांच्या कामांची यादी करावी लागते, आणि त्यात तीच कामं घ्यायची ज्यांच्यासाठी पैसा येणं रास्तपणे अपेक्षित आहे. नियम चांगला आहे, हवेतले पूल त्याने टळतात. पण पुढच्या मार्चनंतरचं कुणालाच माहीत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या रकान्यात लिहायचं काय?

मग इंजिनिअर सावध होतो. जुना पूल पाडून नवा बांधायचा प्रस्ताव खाली सरकतो आणि वर येतं डांबराचा नवा थर देण्याचं काम, कारण ते एका हंगामात सुरू होऊन संपतं. मध्येच निधी थांबला तरी नदीत अर्धे खांब उभे राहिलेत अशी वेळ येत नाही. खात्यापुरता हा निर्णय शहाणपणाचाच असतो. पण असे शहाणे निर्णय दहा वर्षं साठले की राज्याचे रस्ते वरून गुळगुळीत दिसतात आणि खालचे पूल म्हातारे होत जातात. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत काळजीची वाटते, कारण न झालेल्या पुलाचं छायाचित्र कुणी छापत नाही.

आता हवामान बघा. आपल्याकडे कोकणातला कंत्राटदार पावसाळ्याकडे डोळे लावून काम उरकतो, तसा मिनेसोटा, मोंटाना, नॉर्थ डकोटाचा कंत्राटदार थंडीकडे बघतो. जमीन गोठलेली असताना भराव नीट दाबला जात नाही आणि गार हवेत डांबर दबण्याआधीच थंड होतं. डांबरीकरणाला हाती येतात ते उन्हाळ्याच्या आसपासचे मोजके महिने. मेमध्ये रोलर फिरायचा असेल तर निविदा हिवाळ्यात उघडायला हव्यात, म्हणजे कंत्राटदाराला खाणीशी बोलायला, पोलादाची मागणी नोंदवायला, माणसं जमवायला वेळ मिळतो. आणि मुदतवाढी नेमक्या कधी संपतात? डिसेंबरात, मार्चमध्ये, मेच्या अखेरीस. जानेवारीत निविदा काढावी तर पुढचं माहीत नाही, थांबावं तर हंगाम हुकतो. वॉशिंग्टनमधला सहा आठवड्यांचा उशीर उत्तरेकडच्या राज्यात पूर्ण एका वर्षाचा होतो तो असा.

मोंटानाचंच बघा. आकाराने हे राज्य महाराष्ट्राहून मोठं, लोकसंख्या मात्र अकरा लाखांच्या आसपास. इतक्या थोड्या लोकांच्या करातून एवढ्या लांब रस्त्यांचा खर्च निघणं शक्यच नाही, त्यामुळे तिथल्या महामार्गांच्या कामात केंद्राचा वाटा फार मोठा आहे. कॅलिफोर्नियासारखं श्रीमंत राज्य दोन-तीन महिने स्वतःच्या पैशावर काढू शकतं. मोंटानाला ते जमत नाही. अनिश्चितता सगळ्यांना सारखी वाटलेली असली तरी झळ सारखी लागत नाही.

२०१४ आणि २०१५मध्ये हे उघड दिसलं. १ जुलै २०१४ला तेव्हाचे परिवहन मंत्री अँथनी फॉक्स यांनी सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की धरण तळाला लागतंय, ऑगस्टपासून दावा केल्याबरोबर पूर्ण परतफेड होणार नाही, खात्यात जमा होईल तेवढंच वाटून मिळेल. ऐन हंगामात, यंत्रं रस्त्यावर असताना हे पत्र आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला काँग्रेसने १०.८ अब्जांची सोय केली आणि संकट टळलं. पण पुढच्या वर्षीच्या वसंतात तोच घोर पुन्हा लागला, तेव्हा आर्कान्सा आणि टेनेसीसारख्या राज्यांनी ठरलेली कामं निविदेतून मागे घेतली. शेवटी निधी आला. हंगाम मात्र परत आला नाही.

आणि मार्च २०१०मध्ये तर दोन दिवस कायदाच नव्हता. महामार्ग कायद्याची मुदतवाढ बेरोजगार भत्त्याच्या विधेयकात गुंफलेली होती. या खर्चाची भरपाई आधी दाखवा, असा आग्रह धरून केंटकीचे सिनेटर जिम बनिंग यांनी ते अडवून धरलं. आक्षेपाचा महामार्गांशी काही संबंध नव्हता. तरी केंद्रीय परिवहन खात्याचे सुमारे दोन हजार कर्मचारी बिनपगारी घरी बसले, राज्यांची परतफेड थांबली आणि केंद्राच्या जमिनींवरची रस्त्यांची कामं बंद पडली.

कंत्राटदाराच्या बाजूनेही विचार करायला हवा. डांबर मिसळायचा प्रकल्प, पेव्हर, क्रेन हे सगळं कर्जावर घेतलेलं असतं. पुढच्या दोन वर्षांत किती कामं निघणार हे दिसत असेल तर तो नवं यंत्र घेतो, माणसं शिकवून तयार करतो. दिसत नसेल तर जुन्यावर भागवतो आणि निविदेत जोखमीचा आकडा वाढवून लावतो. छोटे कंत्राटदार बाजूला होतात, स्पर्धा घटते, दर चढतात. निधी न कापताही रस्ता महाग होण्याची ही वाट आहे. क्रेन चालवणारा कुशल माणूस एका हंगामात बसून राहिला की घरबांधणीत किंवा तेलविहिरींवर निघून जातो, आणि काम पुन्हा निघतं तेव्हा तो सापडत नाही. महाराष्ट्रात २०२५मध्ये सार्वजनिक बांधकामाची कामं घेणारे कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते, ते ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कारणं निराळी आहेत, पण सरकारकडून येणं असलेल्या पैशाची तारीख माहीत नसणं म्हणजे काय, ते दोन्हीकडे सारखंच.

राज्यं तग कशी धरतात

हात बांधून कुणी बसत नाही. सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे केंद्राची संमती घेऊन काम आधी स्वतःच्या पैशाने सुरू करायचं आणि निधी उपलब्ध झाला की ते केंद्राच्या हिशेबात वळतं करायचं. उपयोगी सोय आहे, पण त्यासाठी आधी स्वतःकडे पैसा हवा. दुसरा उपाय म्हणजे पुढच्या वर्षांत येणाऱ्या केंद्रीय निधीच्या भरवशावर रोखे काढणं, त्यांना तिथे गार्वी रोखे म्हणतात. पूल आज उभा राहतो, फेड दहा-पंधरा वर्षं चालते, आणि त्या वर्षांत येणाऱ्या निधीतला एक तुकडा आधीच गहाण पडलेला असतो. केंद्राचा निधी डळमळीत दिसला तर अशा रोख्यांवर गुंतवणूकदार जास्त व्याज मागणार हे उघड आहे. तिसरा उपाय टोल, आणि त्याचं काय होतं ते ब्रेंट स्पेन्सने दाखवलंच.

कायदा आहे, पैसा आहे, तरीही

आतापर्यंतची अनिश्चितता काँग्रेसच्या दिरंगाईची होती. दुसरी एक आहे, आणि ती जास्त गुंतागुंतीची: काँग्रेसने दिलेला पैसा राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनाने थांबवला तर?

हे नवीन नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड निक्सन यांच्या प्रशासनाने महागाई रोखायचं कारण देऊन महामार्गांचा मंजूर निधी अडकवून ठेवला. मिसूरी राज्याचा महामार्ग आयोग कोर्टात गेला आणि १९७३मध्ये आठव्या सर्किटच्या (विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला: या कायद्याने असा निधी रोखायचा अधिकार मंत्र्यांना दिलेला नाही. पुढच्याच वर्षी काँग्रेसने निधी रोखण्याच्या अधिकाराला लगाम घालणारा स्वतंत्र कायदा केला.

निधीला अटी लावण्याची गोष्ट वेगळी. १९८४मध्ये काँग्रेसने ठरवलं की जे राज्य २१ वर्षांखालच्यांना दारू विकू देईल त्याच्या महामार्ग निधीतला काही भाग कापायचा. साउथ डकोटाने दाद मागितली, पण १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. अट स्पष्ट होती, काँग्रेसनेच घातलेली होती, रस्त्यांवरच्या सुरक्षेशी तिचा संबंध होता आणि कापली जाणारी रक्कम लहान होती. साउथ डकोटाला मान्य असो वा नसो, हिशेब करता येत होता.

२०२५मध्ये हिशेब करणं अवघड झालं. फेब्रुवारीत केंद्रीय महामार्ग प्रशासनाने महामार्गांलगत विजेच्या गाड्यांची चार्जिंग केंद्रं उभारण्याच्या ५ अब्ज डॉलरच्या कार्यक्रमातले राज्यांचे आधी मंजूर झालेले आराखडे स्थगित केले. अनेक राज्यं कोर्टात गेली, जूनमध्ये सिअॅटलच्या जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि ऑगस्टमध्ये नवे नियम येऊन कार्यक्रम पुन्हा हलला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये परिवहन मंत्री शॉन डफी यांनी राज्यांना कळवलं की परिवहनाचा निधी हवा असेल तर स्थलांतरितांवरच्या कारवाईत केंद्राला सहकार्य करावं लागेल. वीस राज्यांनी याला आव्हान दिलं आणि जूनमध्ये र्‍होड आयलंडच्या जिल्हा न्यायालयाने त्यांच्यापुरती ही अट रोखली. या धोरणांबद्दल कुणाचं मत काहीही असो, निविदा काढायला बसलेल्या अधिकाऱ्यासमोरचा प्रश्न एकच उरतो: कोर्टाचा अंतिम निकाल येईपर्यंत हा पैसा आहे असं धरायचं की नाही?

इथे सूत्राने मिळणारा निधी आणि स्पर्धेतून मिळणारं अनुदान यातला फरक फार महत्त्वाचा ठरतो. महामार्गांचा बहुतांश केंद्रीय पैसा कायद्यातल्या सूत्रानुसार आपोआप वाटला जातो, तो तुलनेने सुरक्षित. ब्रेंट स्पेन्सला मिळालं तसं स्पर्धेतलं अनुदान मात्र घोषणेने हातात येत नाही. घोषणेनंतर राज्य आणि केंद्र यांच्यात करारनामा व्हावा लागतो, त्याला कधी वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तेवढ्यात सत्ता बदलली तर अटीही बदलू शकतात. घोषणा झालेली आहे पण करारनामा नाही, हा सर्वांत नाजूक काळ.

मिनियापोलिसचे ते तेरा महिने

पैसा आणि तारीख दोन्ही पक्की असली तर काय होतं, हेही एकदा दिसलं आहे. १ ऑगस्ट २००७ला संध्याकाळी मिनियापोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल वाहनांसकट कोसळला. तेरा जण गेले. आठवडाभरात काँग्रेसने २५ कोटी डॉलरच्या आपत्कालीन निधीला मंजुरी दिली. राज्याला पैसा येणार की नाही याची चिंता उरली नाही, कंत्राटदाराला बिल कोण देणार ते माहीत होतं, लवकर काम संपवलं तर बक्षिसी ठरलेली होती. नवा पूल १८ सप्टेंबर २००८ला खुला झाला, कराराच्या तारखेच्या तीन महिने आधी.

त्याच आठवड्यात, १५ सप्टेंबरला, जॉर्ज बुश यांनी आटलेल्या हायवे ट्रस्ट फंडात ८ अब्ज डॉलर टाकणाऱ्या कायद्यावर सही केली होती. तेच राज्य, तोच इंजिनिअर, तीच नदी, तेच कडक हिवाळे. पूल पडल्यावर जी खात्री तेरा महिन्यांत नवा पूल उभा करते, ती पूल पडण्याआधी मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला आपल्या घराजवळच्या रखडलेल्या कामाची स्थिती स्वतः तपासता येते. प्रत्येक राज्याचं परिवहन खातं आपली चार वर्षांच्या कामांची यादी जाहीर करतं आणि तिच्यावर नागरिकांची मतं मागवतं. यादीत काम शोधा आणि ते कोणत्या वर्षाच्या रकान्यात आहे ते पाहा. मग गेल्या खेपेची यादी काढून तेच काम तेव्हा कोणत्या वर्षात होतं तेही पाहा. ‘निधी जाहीर’ अशी बातमी आली तर करारनामा झाला का, हे खात्याला विचारा. आणि ३० सप्टेंबर २०२६च्या दोन्ही बाजूंच्या महिन्यांत तुमच्या राज्याने किती निविदा काढल्या आणि किती मागे घेतल्या, त्यावर लक्ष ठेवा. निविदांचं वेळापत्रक सगळ्यांना बघायला खुलं असतं.